बारमाही टायरची कहाणी: दोन अक्षरांपासून तीन शिखरांपर्यंत

१/
मोटारीच्या टायरच्या बाजूवर उमटवलेली बारीक अक्षरे सहसा कोणी वाचत नाही. त्यांत ‘एम+एस’ अशी दोन अक्षरे असतात आणि काही टायरांवर तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला एक हिमकणही असतो. पहिली खूण हे केवळ वचन आहे, दुसरी पुरावा. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात एकच टायर चालावा आणि तो सामान्य कुटुंबाला परवडावा, या मागणीने वचनापासून पुराव्यापर्यंतचा प्रवास कसा केला, त्याची ही कहाणी. #थ्रेड

२/
कहाणीची सुरुवात मोटारीच्या कितीतरी आधी होते. १८३० च्या दशकात अमेरिकेत रबराची लाट आली. झाडाच्या चिकापासून बनवलेले बूट आणि कोट पाणी आत येऊ देत नाहीत, याचे लोकांना मोठे अप्रूप वाटले. पण उन्हाळा आला तसा हा माल वितळून चिकट झाला, त्याला दुर्गंधी सुटली. हिवाळ्यात तोच माल कडक होऊन तडकू लागला. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला आणि कारखाने बुडाले. रबराला ऋतू सोसत नव्हते.

३/
चार्ल्स गुडइयर या कर्जबाजारी संशोधकाने या एका प्रश्नापायी आयुष्य वेचले. १८३९ मध्ये त्याला उत्तर सापडले: रबरात गंधक मिसळून ते तापवले, तर ते उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकतही नाही. या प्रक्रियेला पुढे ‘व्हल्कनायझेशन’ हे नाव मिळाले. १८४४ मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळाले, तरी १८६० मध्ये तो मरण पावला तेव्हा डोक्यावर कर्ज होतेच. १८९८ मध्ये ॲक्रन येथे स्थापन झालेल्या टायर कंपनीने त्याचे नाव घेतले. त्याच्या कुटुंबाचा तिच्याशी संबंध नव्हता.

४/
गंधकाने रबराची सहनशक्ती वाढवली, पण ती अमर्याद केली नाही. थंडी वाढेल तसे रबर ताठर होत जाते. ताठर रबर रस्त्याच्या सूक्ष्म उंचसखलपणात शिरत नाही आणि पकड सुटते. थंडीसाठी मऊ रबर घ्यावे, तर ते उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरावर लवकर झिजते. टायर बनवणाऱ्यांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या छळणारा पेच तो हाच.

५/
१८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलीसाठी हवा भरलेला टायर आणला. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मोटारीला तसे टायर लावून दाखवले. बर्फावर मात्र हे टायर घसरत. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी टायरभोवती गुंडाळायच्या साखळ्यांचे पेटंट १९०४ मध्ये मिळवले. मोकळ्या रस्त्यावर या साखळ्या खडखडत, रस्ता आणि टायर दोन्ही खराब करत. बर्फ लागला की चढवायच्या, संपला की उतरवायच्या, असा तो खटाटोप होता.

६/
खास हिवाळ्यासाठी घडवलेला टायर आला तो फिनलंडमधून. तेथील रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वजाने, १९३४ मध्ये मालमोटारींसाठी ‘केलिरेंगास’ हा टायर काढला. तो जगातील पहिला हिवाळी टायर मानला जातो. १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी ‘लुमी-हक्कापेलिट्टा’ आला. हक्कापेलिट्टा हे सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजासाठी लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे नाव.

७/
या टायरांची नक्षी खोल आणि रुंद खाचांची होती. खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो आणि त्या भरलेल्या बर्फाची रस्त्यावरच्या बर्फावर पकड बसते, कारण बर्फ बर्फाला चांगला धरतो. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा पाडल्या, की पकडीला अनेक कडा मिळतात. या चिरांना ‘साइप’ म्हणतात. रबराच्या पृष्ठभागावर अशा चिरा पाडण्याचे पेटंट १९२३ मध्ये घेणाऱ्या जॉन साइप यांचे नाव त्यांना चिकटले.

८/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटार घरोघरी पोहोचली आणि हिवाळी टायर हा दरवर्षीचा सोपस्कार झाला. तेव्हाच्या बहुतेक मोटारींना इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर मिळे, म्हणून बर्फ पडण्याआधी मागचे दोन टायर बदलायचे आणि वसंतात पुन्हा जुने चढवायचे. दोन जादा टायर विकत घेणे, ते कुठेतरी साठवणे आणि वर्षातून दोनदा गॅरेजची मजुरी देणे, हा खर्च ठरलेला. जिथे हिवाळ्यात चार-पाच वेळाच बर्फ पडतो, तिथल्या कुटुंबाला तो अधिकच टोचे.

९/
साठच्या दशकात टायरमध्ये धातूचे खिळे बसवण्याची पद्धत पसरली. निसरड्या गोठलेल्या रस्त्यावर त्यांचा उपयोग होई, पण मोकळ्या रस्त्यावर ते डांबर आणि काँक्रीट उखडत. रस्तेदुरुस्तीचा बोजा पाहून मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी आणली. खिळ्यांवाचून हिवाळा निभावणारे रबर आणि नक्षी शोधण्याची गरज त्यामुळे अधिक तीव्र झाली.

१०/
दरम्यान टायरची अंतर्रचनाही बदलत होती. मिशेलिनने १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या रेडियल टायरमध्ये आतले धागे तिरपे नसून कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. असा टायर रस्त्यावर सपाट टेकतो, सावकाश झिजतो आणि इंधन वाचवतो. अमेरिकी उद्योगाने तो स्वीकारायला दोन दशके लावली. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र इंधनाची बचत हाच कळीचा मुद्दा झाला आणि रेडियल झपाट्याने पसरला.

११/
या पार्श्वभूमीवर १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने ‘टिएम्पो’ हा बारमाही रेडियल टायर बाजारात आणला. स्पॅनिशमध्ये ‘टिएम्पो’ म्हणजे वेळ आणि हवामानही. रेडियलचा टिकाऊपणा आणि हिवाळी नक्षीतल्या काही खाचा एकत्र आणणारा हा टायर वर्षभर न बदलता वापरायचा होता. विकली जात होती ती मुख्यतः सोय: जादा जोडी नको, साठवण नको, दोनदा मजुरी नको.

१२/
त्याच वर्षांत मोटारही बदलली. इंधन वाचवण्यासाठी अमेरिकी कंपन्या लहान आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांकडे वळल्या. इंजिनाचे वजन थेट ओढणाऱ्या चाकांवर आल्याने साध्या टायरचीही बर्फातली पकड सुधारली. नव्या गाड्या कारखान्यातूनच बारमाही टायर घालून बाहेर पडू लागल्या. काही वर्षांतच अमेरिकी ग्राहकाला ‘टायर’ म्हटले की बारमाही टायरच आठवू लागला.

१३/
इथेच फसगतीला जागा निर्माण झाली. टायरच्या बाजूवरील ‘एम+एस’ म्हणजे ‘मड अँड स्नो’, चिखल आणि बर्फ. ही खूण मिळवण्याची अट नक्षीच्या आकाराची होती: पृष्ठभागाचा साधारण पाव भाग खाचांसाठी मोकळा असावा आणि कडेच्या खाचा मध्याच्या दिशेने आत जाव्यात. रबर थंडीत किती मऊ राहते, हे कोणी विचारत नव्हते. टायर बर्फावर चालवून पाहण्याचीही अट नव्हती. कंपनीने मोजमाप जुळवले, की खूण उमटवता येई.

१४/
अमेरिकी सरकारने १९७० च्या दशकाच्या अखेरीस टायरसाठी झीज, पकड आणि उष्णता अशी तिहेरी श्रेणी लागू केली. ग्राहकाला तुलना करता यावी, हा हेतू चांगला होता. पण त्यातील पकडीची श्रेणी ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत थांबण्यावरून ठरते. बर्फाशी तिचा संबंध नाही. झिजेचा आकडा कंपन्या स्वतःच्याच चाचणीवरून जाहीर करतात. म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपूनच करावी लागते.

१५/
अखेर १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील रबर उद्योगाच्या संघटनांनी नवे चिन्ह स्वीकारले: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ते मिळवण्यासाठी टायर दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चालवावा लागतो. ठरावीक प्रमाण टायरची पकड १०० धरली, तर नव्या टायरने किमान ११० गाठायला हवे. बर्फाचे वचन प्रथमच मोजता येऊ लागले.

१६/
या पुराव्यालाही मर्यादा आहेत. मूळ अमेरिकी चाचणी बर्फावर वेग घेताना मिळणारी पकड मोजते. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, वळणावर कशी वागेल, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर काय होईल, याचे उत्तर त्यात नाही. खराखुरा हिवाळी टायर आणि चिन्ह मिळवलेला बारमाही टायर दोघेही तेच चिन्ह धारण करतात. कडाक्याच्या थंडीत दोघांत फरक उरतोच.

१७/
याच काळात रसायनशास्त्र मदतीला आले. विसाव्या शतकाच्या आरंभीपासून टायर बळकट करण्यासाठी त्यात कार्बनची काजळी मिसळत. टायरचा काळा रंग तिच्यामुळेच. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरलेला टायर आणला. सिलिकामुळे इंधन वाचते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. थंडीत लवचीक आणि उन्हात टिकाऊ, या दोन टोकांमधले अंतर त्यामुळे कमी झाले.

१८/
युरोप दीर्घकाळ बारमाही टायरकडे संशयाने पाहत होता. तिथे उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे असे दोन संच ठेवण्याची शिस्त होती. नेदरलँड्सच्या व्हरेडेस्टाइन कंपनीने मात्र ‘क्वाट्रॅक’ या बारमाही टायरची परंपरा चालवली. २००९ मध्ये ही कंपनी भारताच्या अपोलो टायर्सने विकत घेतली. बर्फ क्वचितच पाहणाऱ्या देशातील उद्योग असा युरोपच्या हिवाळ्याचा भागीदार झाला.

१९/
२०१५ मध्ये मिशेलिनने ‘क्रॉसक्लायमेट’ आणला. पूर्वीचे बारमाही टायर बहुधा हिवाळी टायरला उन्हाळ्याची सवय लावून घडत. हा उन्हाळी टायर म्हणून घडवला होता आणि तरीही त्याने तीन शिखरांचे चिन्ह मिळवले होते. सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत एका संचावर भागवणे युरोपातही प्रतिष्ठित झाले.

२०/
दोन अक्षरांचे खरे मोल कायद्याने उघड केले. जर्मनीने २०१० मध्ये हिवाळी परिस्थितीत योग्य टायर सक्तीचे केले, तेव्हा ‘एम+एस’ पुरेसे होते. १ जानेवारी २०१८ पासून तयार होणाऱ्या टायरांना डोंगर-हिमकणाचे चिन्ह आवश्यक ठरले आणि जुन्या ‘एम+एस’ टायरांना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. अनेक वर्षे ‘हिवाळी’ म्हणून चाललेला टायर कायद्याच्या नजरेत हिवाळी उरला नाही.

२१/
न्यू जर्सीत स्थायिक झालेले मराठी कुटुंब असो वा इंग्लंडमधला विद्यार्थी, मोजकाच बर्फ पाहणाऱ्या आणि बेताचे पैसे असणाऱ्या ग्राहकाला या इतिहासातून चार कसोट्या मिळतात. महागडे नाव नसले तरी चालेल, पण तीन शिखरांचे चिन्ह हवे. चारही टायर एकाच जातीचे हवेत. दोनच बदलले तर गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे घसरते. ‘डीओटी’ अक्षरांपुढच्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात; स्वस्तात मिळणारा टायर वर्षानुवर्षे गोदामात पडलेला नाही ना, हे त्यावरून कळते.

२२/
चौथी कसोटी खाचांच्या खोलीची. अनेक देशांत १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेला टायर कायदेशीर असतो, पण बर्फात तो जवळजवळ गोटाच. ऑस्ट्रिया हिवाळी रेडियल टायरसाठी किमान ४ मिलिमीटर मागते. म्हणजे बारमाही टायर उन्हाळ्यात चालण्यासारखा दिसत असतानाच हिवाळ्यासाठी निवृत्त झालेला असू शकतो. खरेदीच्या वेळची बचत मोजताना हे आयुष्यही मोजावे लागते.

२३/
आणि जिथे महिनोन्‌महिने रस्ते गोठलेले असतात, तिथे ही तडजोड अपुरी पडते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले, ते याच कारणाने. गुडइयरच्या काळात रबर दोन्ही ऋतूंत हरत होते; आज ते दोन्ही ऋतू बऱ्यापैकी निभावते. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे नेमके किती, हे दुकानदाराच्या शब्दावरून ठरवायचे नसते. टायरच्या बाजूवर हात फिरवावा आणि तीन शिखरे लागतात का, ते पाहावे.