चांदीपुरा व्हायरस व कोशिकेचा चयापचय

ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा व्हायरस १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील दोन ज्वरग्रस्तांच्या रक्तातून पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) अलग केला. त्या वेळी डेंग्यू व चिकुनगुन्या यांची साथ चालू असल्याने तो साधा ज्वरकारक समजला गेला. १९८० साली मध्य प्रदेशातील एका मेंदुविकारग्रस्ताच्या रक्तात तो आढळला, ही सूचना पुरेशी होती. पण खरी जाग २००३ मध्ये आली. त्या वर्षी आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना मेंदुज्वर होऊन १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागातही (यात वर्धा जिल्हा मोडतो) बालकांमध्ये त्याची साथ उद्भवली.

व्हायरसाला स्वतःचा चयापचय (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडी) नसतो. तो आश्रय कोशिकेचा (पेशीचा) वापरतो. मात्र तो केवळ उसनवारी करीत नाही. १९५७ मध्ये फ्लॅक्स व कोएन यांनी जंतुभक्षी व्हायरसांवर प्रयोग केले. त्यांत संसर्गापूर्वी जंतूत मुळीच नसलेले एक एंझाइम संसर्गानंतर आढळले. म्हणजे व्हायरस कोशिकेला नवे रासायनिक कार्यही करावयास लावतो.

चांदीपुरा व्हायरसाची जनुके अवघी पाच. आपल्या रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या प्रती काढणारे एंझाइम तो बरोबर आणतो. पण त्यांसाठी लागणारा कच्चा माल, ऊर्जा व प्रथिने घडविणारे रिबोसोम कोशिकेचेच असतात. त्याच्या ‘पी’ प्रथिनाला फॉस्फेट गट जोडून ते कार्यक्षम करण्याचे कामही कोशिकेतील केसीन कायनेज हे एंझाइम करते. उलट ‘एम’ प्रथिन केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांतून होणारी ये-जा रोखते. त्यामुळे कोशिकेचे स्वतःचे संदेशवाहक रिबोन्यूक्लिइक अम्ल आत अडकून पडते आणि बाहेरील कोशिकाद्रव्यात वाढणाऱ्या व्हायरसाला रिबोसोम मोकळे मिळतात. मेंदूतील तंत्रिका कोशिका अशा अवस्थेत मरतात. बालकांत ज्वर, झटके व बेशुद्धी ही लक्षणे दिसून एकदोन दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो.

व्हायरस ज्या यंत्रणेवर जगतो ती रुग्णाचीच असल्याने तिला धक्का न लावणारे औषध शोधणे कठीण असते. या रोगावर खास औषध वा लस नाही. उपचार लक्षणांवरच करतात. २०२४ साली गुजरातेत मोठी साथ आली तेव्हाही हीच स्थिती होती. व्हायरसाचा प्रसार वाळूमाश्यांमार्फत होतो व त्या मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांच्या आसपास राहतात. त्यामुळे विदर्भातील खेड्यांत पावसाळ्यापूर्वी भेगा लिंपणे व कीटकनाशक फवारणे हेच मुख्य उपाय ठरतात.