आमांच्या शेगडीपाशी

जपानहून परत आले आणि मावशीचा पहिला प्रश्न, "मोती आणलेस का गं?" मोती नाही आणले, मावशी. पण तुझ्या नथीशी नातं सांगणारी एक गोष्ट आणली आहे. फोनवर नीट सांगता आली नाही, म्हणून इथे लिहितेय.

मिए प्रांतात तोबा शहराजवळ ओसात्सू नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथे एका झोपडीत आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. मधोमध कोळशाची शेगडी, भोवती बुटकी बाकं, आणि समोर सत्तरीच्या पुढच्या एक आजी. त्या आमा. आमा म्हणजे समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका. प्राणवायूची नळकांडी न घेता, निव्वळ आपल्या दमावर!

जाळीवर 'साझाए' हे शंख चुरचुरायला लागले. आजींनी त्यांत सोया सॉसचे दोन थेंब टाकले, काडीने मांस गोल फिरवत अलगद बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. शेवटचं हिरवं टोक कडू लागतं, पण समुद्राची खरी चव तिथेच. मग मोठ्या शिंपल्या, वाळवलेलं माकूल. आणि सगळ्यात शेवटी 'आवाबी', म्हणजे ॲबलोनी. कोकणातल्या तिसऱ्यांवर वाढलेली मी, पण असलं काही कधी खाल्लं नव्हतं.

खरं तर ही झोपडी पाहुण्यांना जेवू घालायला नव्हतीच. एका बुडीला साधारण पन्नास सेकंद, अशा कितीतरी बुड्या. गारठलेलं अंग शेकायला, कपडे बदलायला आणि घरच्या कटकटी मोकळेपणाने बोलायला या बायकांनी ही जागा ठेवली. वर आल्यावर सोडलेल्या श्वासाची शीळ वाजते, तिला 'इसोबुए' म्हणतात.

हे काम किती जुनं? नारा इथल्या राजवाड्याच्या उत्खननात आठव्या शतकातल्या लाकडी पट्ट्या सापडल्या. शिमा प्रांतातून कर म्हणून आवाबी आल्याची नोंद त्यांवर आहे. जवळच्या कुझाकी गावातून सुकवलेली आवाबी इसेच्या मंदिरात आजही नैवेद्याला जाते. जपानी लोक भेटवस्तूवर 'नोशी' लावतात ना, ती मुळात सुकवलेल्या आवाबीचीच पट्टी.

आणि आता मोती. १८९३ मध्ये तोबाच्या मिकिमोतो कोकिचींनी शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवला. पुढे गोल मोतीही जमले. त्यासाठी तळाचे शिंपले काढून आणायचे, कलम केल्यावर परत तळाशी ठेवायचे, हे सगळं आमा करत. १९२० नंतर हे 'कल्चर' मोती जगभर गेले. त्यातच जागतिक मंदी आली आणि आखातातला मोत्यांचा धंदा बसला. मुंबईच्या बाजारात येणारे ते बसऱ्याचे मोती दुर्मिळ झाले. मावशी, तुझ्या नथीत आजीचे बसऱ्याचे मोती आहेत आणि माझ्या तन्मणीत कल्चरचे. मधे नेमकं काय घडलं, ते मला त्या शेगडीपाशी कळलं. नाव मिकिमोतोंचं झालं. पाण्यात उतरलेल्या बायकांची नावं कोणाला ठाऊक आहेत?

१९५६ मध्ये जपानभर सतरा हजारांवर आमा होत्या. २०१० मध्ये जेमतेम दोन हजार उरल्या, आणि त्यानंतर आणखी कमी झाल्या. मुली शहरात गेल्या. गरम होत चाललेल्या पाण्यात शेवाळाची रानं विरळ झाली आणि त्यांवर जगणारी आवाबीही. २०१७ मध्ये तोबा-शिमाच्या या कौशल्याला राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून आवाबी वाढत नाहीत.

मी दुभाष्याकरवी विचारलं, नळकांडी का नाही वापरत? आजी उठल्या आणि खुंटीवरची एक छोटी पट्टी घेऊन आल्या. १०.६ सेंटिमीटर. शिंपला याहून लहान निघाला, तर जिथून काढला तिथेच परत ठेवायचा. माणसाचा दम संपतो, म्हणून समुद्र संपत नाही, एवढं माझं मी समजून घेतलं.

त्यांच्या डोक्याच्या पांढऱ्या फडक्यावर दोऱ्याने दोन खुणा शिवलेल्या होत्या. एक जाळी, वाईटावर नजर ठेवणारी. दुसरी चांदणी, हात न उचलता एका रेघेत काढलेली. रेघ निघाली तिथेच परत येते, तसं बाईनेही पाण्यातून परत यावं म्हणून.

निघताना मी वाकून नमस्कार केला. आजी हसल्या, आणि शेगडीवर नवे कोळसे घालायला वळल्या. दारात पुढचे पाहुणे उभे होते. खुंटीवर मात्र त्यांचा बुडीचा काळा पोशाख टांगलेला होता. अजून ओला.