अंगणातली बुद्धमूर्ती

आपल्या लोकांनी गावाकडे घरं बांधली, अंगणात बाग केली. आता बागेत बुद्धमूर्ती हवी, असं पोरं म्हणतात. आनंदच आहे. पण बाजारात मिळेल ती आणून ठेवायची, हे आम्हांला पटत नाही.

महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके तथागतांची मूर्ती घडवली जात नव्हती. सांची-भरहुतच्या शिल्पांत ते बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा यांतून दिसतात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात नुसता स्तूप. सव्विसाव्यात स्तूपावरच बुद्ध कोरलेले. या दोन लेण्यांत सुमारे सहाशे वर्षांचं अंतर! आपल्याकडे तर २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली मूर्ती देहूरोडला स्थापन केली. धर्मांतराच्या दोन वर्षं आधी.

तेव्हा मूर्ती घेताना हात बघा. उजवा हात भूमीला टेकलेला म्हणजे बोधगया. दोन्ही हात छातीपाशी म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन. पोट सुटलेला हसरा 'बुद्ध' हा दहाव्या शतकातला चिनी भिक्खू, तथागत नव्हेत. नुसतं मुंडकं तर आणूच नका. अंगकोरच्या मूर्तींची मुंडकी चोरांनी तोडून विकली, ती शोभेची वस्तू कशी?

प्लास्टरची मूर्ती पावसात टिकत नाही, दगडाची घ्या. उंच ओट्यावर बसवा, चपलांच्या जागेपासून लांब. मागे पिंपळ लावाल तर भिंतीपासून दूर, मुळं भिंत फोडतात.

आमच्या चाळीच्या गॅलरीत ओट्याला जागा नाही. तेलाच्या डब्यात पिंपळाचं रोप आहे, पौर्णिमेला मेणबत्ती तिथंच लावतो.