पाच रस्त्यांचं अंतर

२७ मार्च १९४८. शनिवारची रात्र आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. न्यूयॉर्कमध्ये सत्तावन्नाव्या रस्त्यावरच्या कार्नेगी हॉलमध्ये एका गायिकेचा कार्यक्रम होता. २,७०० तिकिटं आधीच विकली गेली होती. आगाऊ विक्रीचा त्या सभागृहातला तोवरचा हा विक्रम. त्या काळात तिचं एकही गाणं गाजत नव्हतं, शेवटचं गाजलेलं गाणं १९४५मधलं. आणि अकरा दिवसांपूर्वी, १६ मार्चला, ती तुरुंगातून सुटली होती.

गायिकेचं नाव बिली हॉलिडे.

बिलीची गोष्ट सांगणारे बरेच जण या रात्रीपाशी येऊन थांबतात. गरिबी, अत्याचार, वर्णद्वेष, व्यसन, तुरुंग आणि मग खचाखच भरलेलं कार्नेगी हॉल. ‘परिस्थितीवर मात’ या मथळ्याखाली दोन मिनिटांच्या व्हिडिओत बसेल अशी गोष्ट. त्यातली घटना खोटी नाही, पण गोष्ट अर्धी आहे. कारण त्याच रात्री, तिथून पाच रस्ते दक्षिणेला, बावन्नाव्या रस्त्यावरच्या एखाद्या छोट्याशा क्लबात एक गाणं म्हणायची तिला कायद्याने परवानगी नव्हती. हे पाच रस्त्यांचं अंतर तिला उरलेल्या अकरा वर्षांत कायद्याने कधीच कापता आलं नाही.

मुलगी आणि संस्था

बिलीचा जन्म ७ एप्रिल १९१५चा, फिलाडेल्फियातला. पाळण्यातलं नाव एलिनोरा. आई सेडी वयाने लहान आणि वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटारवादक, घरात जवळपास नसलेलेच. बालपण बाल्टिमोरमध्ये, बरंचसं नातेवाइकांकडे गेलं. नऊ वर्षांची असताना शाळा बुडवते म्हणून तिला कॅथलिक जोगिणींच्या सुधारगृहात पाठवलं. अकराव्या वर्षी शेजारच्या एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर ‘संरक्षणासाठी’ म्हणून तिला पुन्हा त्याच सुधारगृहात ठेवलं. गुन्हा तिच्यावर झाला आणि कुलपाआड तीच गेली.

१९२९मध्ये ती आईपाठोपाठ न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली. आई राहत होती ती जागा वेश्याव्यवसायाची होती. पोलिसांची धाड पडली, मायलेकींना अटक झाली आणि चौदा वर्षांच्या मुलीला सक्तमजुरीच्या कोठडीत काही महिने काढावे लागले. पुढे तिच्या आयुष्यात जे घडलं त्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं, की सरकारी दप्तरात तिची नोंद गायिका म्हणून होण्याच्या कितीतरी आधी गुन्हेगार म्हणून झाली होती.

गाणं ती कुणाकडे शिकली नाही. लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या ऐकून शिकली. हार्लेमच्या क्लबांत गाता गाता १९३३मध्ये जॉन हॅमंड या निर्मात्याने तिला ऐकलं आणि वयाच्या अठराव्या वर्षी बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं.

उशिरा येणारी गायिका

तो काळ स्विंगचा. स्विंग म्हणजे नाचायला लावणारं जॅझ. दहा-पंधरा वादकांचा ताफा, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या रांगा, मागे न थांबणारा ठेका. महामंदीने पिचलेल्या अमेरिकेत तरुण पोरं शनिवारी रात्री याच ठेक्यावर घाम गाळत नाचायची. अशा ताफ्यापुढे गाणाऱ्याने खणखणीत आवाज लावून ठेक्याबरोबर धावायचं, अशी साधारण अपेक्षा.

बिलीचा आवाज लहान होता. सप्तकभरापेक्षा फार मोठा पल्लाही नव्हता. पण तिने मायक्रोफोन ओळखला. ओरडायची गरज नाही, कानाशी बोलल्यासारखं गाता येतं, हे तिला कळलं होतं. आणि ती ठेक्याच्या किंचित मागून गायची. आपल्याकडे एखादी गायिका समेच्या आधी जीव टांगणीला लावते, आता चुकते की काय असं वाटतं, आणि ती बरोबर येऊन पोचते, तसं काहीसं. फरक इतकाच, की बिली अख्खं गाणं त्या टांगणीवर ठेवायची. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला ही जादू सगळ्यात आधी उमगली. त्याने तिला ‘लेडी डे’ म्हटलं, तिने त्याला ‘प्रेझ’, म्हणजे प्रेसिडेंट. दोघांनी मिळून केलेली ध्वनिमुद्रणं ऐकताना कोण कुणाला साथ करतंय ते ठरवता येत नाही.

१६ जानेवारी १९३८ला बेनी गुडमनने स्विंग पहिल्यांदा कार्नेगी हॉलमध्ये नेलं. ती रात्र इतिहासात गेली. त्याच रात्री बिली हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये होती. तिथे काउंट बेसीचा ताफा विरुद्ध चिक वेबचा ताफा असा सामना रंगला होता. बेसीकडून बिली गात होती, वेबकडून एला फिट्झजेराल्ड. कार्नेगीला पोचायला बिलीला आणखी काही वर्षं लागायची होती.

त्याच वर्षी ती आर्टी शॉच्या ताफ्यात गेली. गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर दौरे करणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय गायिकांपैकी ती एक. पण न्यूयॉर्कच्याच लिंकन हॉटेलमध्ये, जिथे ती रोज गायची, तिला सामान वाहायच्या लिफ्टने ये-जा करायला सांगितलं गेलं. तिने तो ताफा सोडला. पुढच्या वर्षी, १९३९मध्ये, कॅफे सोसायटी या क्लबात ती ‘स्ट्रेंज फ्रूट’ म्हणू लागली. दक्षिणेत जमावाने झाडाला लटकवलेल्या कृष्णवर्णीय माणसांवरचं ते गाणं एबल मिरोपोल या शिक्षकाने लिहिलं होतं. ते सुरू झालं की वेटर थांबायचे आणि दिवे मालवले जायचे. फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत उरायचा. गाणं संपलं की ती निघून जायची, ‘वन्स मोअर’ नाही. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, म्हणून ते कमोडोर या छोट्या कंपनीकडे गेलं.

एक वर्ष आणि एक दिवस

चाळिशीच्या दशकात पैसा आला आणि त्याबरोबर हेरॉइनही. ती खूप कमवत होती, आणि कमाई व्यसनात व सोबतच्या पुरुषांच्या खिशात जात होती. तिने व्यसन लपवलं नाही, आणि त्याचं उदात्तीकरण आपणही करायला नको. पण तेव्हाच्या अमेरिकेत व्यसन हा आजार नव्हता, गुन्हा होता. अमली पदार्थविरोधी खात्याचा प्रमुख हॅरी ॲन्सलिंगर याचा जॅझ वादकांवर खास डोळा होता. मे १९४७मध्ये बिलीला अटक झाली. खटल्याचं नाव ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका विरुद्ध बिली हॉलिडे’. तिने गुन्हा कबूल केला, आणि उपचारांसाठी रुग्णालयात पाठवा अशी विनंती केली. शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस, वेस्ट व्हर्जिनियातल्या ॲल्डरसनच्या तुरुंगात.

चांगल्या वर्तणुकीमुळे ती लवकर सुटली. नेवार्कला तिचा पियानोवादक बॉबी टकर आणि तिचा कुत्रा ‘मिस्टर’ वाट पाहत होते. कुत्र्याने अशी झेप घेतली की तिची टोपी उडाली आणि तीही खाली पडली.

आणि मग ईस्टरच्या आदल्या दिवशीची ती रात्र. तिच्याच मोजणीप्रमाणे तिने ३२ गाणी म्हटली. मध्येच कुणीतरी गार्डेनियाच्या फुलांचा डबा पाठवला. केसांत पांढरी गार्डेनिया ही तिची ओळख. तिने घाईत ती फुलं माळली, त्यातली टाचणी डोक्यात घुसली आणि रक्त वाहू लागलं तेव्हा तिला कळलं. तरी ती गात राहिली. टाळ्यांसाठी तिसऱ्यांदा पडदा उघडून झाल्यावर ती बेशुद्ध पडली.

कार्ड

आता ते पाच रस्ते.

१९४०पासून न्यूयॉर्कमध्ये एक नियम होता. जिथे दारू मिळते आणि करमणूक होते अशा कुठल्याही ठिकाणी काम करायचं तर पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावं लागे. गायक, वादक, वेटर, सगळ्यांनाच. बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा, ठरावीक काळाने नूतनीकरण करायचं. अमली पदार्थांच्या गुन्ह्याची नोंद असली की कार्ड गेलं. त्यासाठी वेगळा खटला नाही आणि मुदतही नाही. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा संपली तरी पोलिसांच्या कचेरीतली चालूच.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे तंत्र ओळखीचं वाटेल. कुणाला बाहेर काढायचं तर खातं पुसावं लागत नाही, एक परवानगी काढून घेतली की पुरे. माणूस यादीत दिसत राहतो, फक्त काही करू शकत नाही.

कार्नेगी हॉलमध्ये दारू मिळत नव्हती, म्हणून तिथे कार्ड लागत नव्हतं. नाट्यगृहातही नाही. पण अशा सभागृहात एखादी गायिका वर्षातून किती वेळा गाणार? जॅझ गायकाचं पोट भरायचं ते क्लबात. बावन्नाव्या रस्त्यावर, जुन्या घरांच्या तळघरांत, मोजक्या टेबलांमध्ये, रोज रात्री, उत्तररात्रीपर्यंत. तीसच्या दशकातल्या तिच्या ध्वनिमुद्रणांचे एकरकमी पैसे मिळाले होते, त्यावर रॉयल्टी नव्हती. म्हणजे तबकड्या कितीही वाजल्या तरी भाडं भरायला रोजचं गाणंच हवं. नेमकं तेच बंद झालं. शिवाय जॅझचा गायक घडतो आणि टिकतो तोही तिथेच, समोरच्या चाळीस माणसांपुढे गाणं रोज थोडं बदलून पाहताना.

हे फक्त तिचंच झालं नाही. पियानोवादक थेलोनियस मंक याचं कार्ड १९५१मध्ये गेलं, ते १९५७मध्ये परत मिळालं. कार्ड मिळाल्यावर त्याच वर्षी त्याने फाइव्ह स्पॉट क्लबात जॉन कोल्ट्रेनला घेऊन केलेले कार्यक्रम आज दंतकथा झाले आहेत. आधीच्या सहा वर्षांत न्यूयॉर्कच्या क्लबांतून काय काय ऐकायचं राहून गेलं, याचा हिशेब कोण देणार?

बिलीला कार्ड परत मिळालं नाही. कार्नेगीनंतर महिन्याभरात ब्रॉडवेवर तिचा कार्यक्रम लागला आणि तीन आठवड्यांत बंद झाला. काही वेळा कुणाच्या ओळखीने ती कार्डाशिवाय गायलीही, पण ते दुसऱ्याच्या मर्जीवर. मग दुसरी शहरं, १९५४मध्ये युरोपचा दौरा, १९५६मध्ये आत्मचरित्र आणि त्याच वर्षी पुन्हा कार्नेगी हॉल. सत्तावन्नावा रस्ता तिला बोलवत राहिला, बावन्नाव्याचं दार बंदच राहिलं.

३१ मे १९५९ला यकृत आणि हृदयाच्या आजाराने तिला रुग्णालयात दाखल केलं. तिथेच, खाटेवर असताना, अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला पुन्हा अटक झाली आणि खोलीवर पोलिसांचा पहारा बसला. १७ जुलैला ती गेली. वय ४४. बँकेत ७० सेंट होते, जवळ ७५० डॉलर. कॅबरे कार्डाचा नियम १९६७मध्ये रद्द झाला, तिच्यानंतर आठ वर्षांनी.

बिलीने परिस्थितीवर मात केली का? त्या रात्रीपुरती नक्कीच केली, रक्त वाहत असताना केली. पण ‘मात’ म्हटलं की आपण सगळा हिशेब त्या व्यक्तीच्या जिद्दीवर टाकून मोकळे होतो. परिस्थिती कुणी लिहिली, कुठल्या कचेरीत, कुठल्या नियमाने, हे विचारायचं राहून जातं. २,७०० माणसांनी तिला मनापासून टाळ्या दिल्या. त्याच शहराच्या पोलिसांच्या नोंदीत ती काम करायला अपात्र होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि टाळ्यांनी नोंद बदलली नाही.

म्हणून अशी एखादी जिद्दीची गोष्ट पुढे आली की शनिवारच्या कार्यक्रमाबरोबर पुढच्या सोमवारचंही विचारावं. ईस्टर उलटल्यावर, सोमवारी रात्री, बिली हॉलिडे कुठे गाणार होती?