दुकानातील चित्रफीत : घटना आणि ओळख

दुकानातील माल मोजताना एखादी वस्तू कमी भरली, तर पूर्वी सारी भिस्त नोकरांच्या आठवणीवर असे. चित्रमुद्रणाने हे बदलले. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दूरचित्रवाणीची दृश्ये चुंबकीय फितीवर नोंदवणारे व्यवहार्य यंत्र आणले. १९७६ मध्ये जपानमध्ये व्हीएचएस फीत आली आणि पुढे हे तंत्र साध्या दुकानदाराच्याही आवाक्यात आले.

तपासाची रीत सरळ आहे. वस्तू जागेवर शेवटची केव्हा दिसली आणि केव्हा दिसेनाशी झाली, या दोन वेळांमधली फीत पाहायची. वस्तू उचलणारा प्रत्येक जण चोर नसतो. त्याने ती परत ठेवली का, पैसे दिले का, हेही फळीपासून दरवाजापर्यंत सलग दिसावे लागते.

नेमकी ही सलगताच जुन्या फितींत नसे. ब्रिटनमध्ये सेकंदाला २५ चित्रे नोंदवणारी नेहमीची फीत ३ तासांत संपे. ती २४ तास पुरवायची, तर नोंदी आठव्या हिश्श्यावर आणाव्या लागत. शिवाय अनेक कॅमेरे एकाच फितीवर पाळीपाळीने नोंदवले जात. हात फळीवरून खिशाकडे गेला तो क्षण त्यात निसटू शके.

आज चित्रे स्पष्ट असतात. मग प्रश्न सुटला का? १९९९ मध्ये व्हिकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये प्रयोग केला. चित्रफितीतील स्पष्ट चेहरा दाखवून १० छायाचित्रांतून तोच माणूस निवडायला सांगितले. चेहरे अनोळखी असताना सुमारे ३० टक्के उत्तरे चुकली.

अशा चुकीची किंमत अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका गृहस्थाने मोजली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील दुकानातून घड्याळे चोरीला गेली. फितीतील अंधूक चेहरा संगणकाने वाहन परवान्यांच्या छायाचित्रांशी ताडला आणि या गृहस्थाचे जुने छायाचित्र पुढे केले. दुकानाच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या एका व्यक्तीने तेच छायाचित्र निवडले. पण तिने चोरी पाहिली नव्हती, केवळ फीत पाहिली होती! जानेवारी २०२० मध्ये त्या निरपराध माणसाला मुलींसमोर अटक झाली. सुमारे ३० तास तो कोठडीत होता. पुढे खटला मागे घेतला गेला. २०२४ च्या तडजोडीनुसार, केवळ संगणकाने जुळवलेल्या चेहऱ्यावरून अटक करायची नाही, असे बंधन पोलिसांनी मान्य केले.

काय घडले, हे फीत बरेचसे सांगते. कोणी केले, हे मात्र पाहणारा ठरवतो. त्या निर्णयाला फितीबाहेरचा स्वतंत्र पुरावा हवाच.