पांढऱ्या हत्तीच्या पोटात

ब्युनोस आयर्सच्या एका टोकाला 'सियुदाद ओकुल्ता' नावाची वस्ती आहे. मराठीत म्हणायचं तर दडवलेलं शहर. १९७८ च्या फुटबॉल विश्वचषकाला आलेल्या पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून लष्करी राजवटीने तिच्यासमोर भिंत घातली, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. २०२२ च्या डिसेंबरात जी-२० च्या बैठकीआधी मुंबईतही रस्त्याकडेच्या झोपड्यांपुढे पडदे लागले होते.

या वस्तीत एका रुग्णालयाचा सांगाडा होता. लॅटिन अमेरिकेतलं सगळ्यात मोठं रुग्णालय व्हायचं म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झालं, सरकारं बदलली, आणि ते कधीच पुरं झालं नाही. बिनदारांच्या मजल्यांवर माणसं राहायला आली. लोक त्याला 'पांढरा हत्ती' म्हणत. पाब्लो त्रापेरो या दिग्दर्शकाने २०१२ साली त्याच नावाचा सिनेमा काढला: 'एलेफांते ब्लांको'. रिकार्दो दारीनने रंगवलेला फादर हुलियान, त्याने सोबतीला आणलेला बेल्जियन धर्मगुरू निकोलास आणि लुसियाना नावाची समाजसेविका, तिघं त्या सांगाड्याच्या सावलीत काम करतात. घरकुलांचं बांधकाम रखडलंय, मजुरांचे पैसे थकलेत, गल्ल्यांवर अमली पदार्थांच्या टोळ्यांचं राज्य आहे. सिनेमातले धर्मगुरू चिडतात, थकतात, चुकतात, प्रेमातही पडतात. मला तो आवडला तो यासाठीच. गरिबांमध्ये राहणारा माणूस दाखवायचा म्हटलं की आपल्याकडे लगेच पाठीमागे प्रभावळ लावतात.

सिनेमा अर्पण केलाय फादर कार्लोस मुहिका यांना. हा खरा माणूस. श्रीमंत घरातला, वडील काही काळ देशाचे परराष्ट्रमंत्री होते. मुहिका मात्र रेतिरो स्टेशनाजवळच्या, रुळांच्या आणि बंदराच्या मधल्या झोपडपट्टीत, 'विया ३१' मध्ये काम करू लागले. ११ मे १९७४ च्या संध्याकाळी प्रार्थना संपवून चर्चबाहेर पडताना त्यांना गोळ्या घातल्या. खुनाचा आरोप 'ट्रिपल ए' या उजव्या मारेकरी टोळीवर आहे.

आता यात मुंबई कुठे येते? बरीच आधी येते.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. ओव्हल मैदानावर जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती, यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. जाताना पोपनी आपली पांढरी लिंकन मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली आणि त्यांनी ती सोडतीत काढून पैसा उभा केला. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरी फारशी कुणाला आठवत नाही. याच मुंबईत पोपनी जगातल्या सरकारांना आवाहन केलं होतं, की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग बाजूला काढा आणि गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. १९६७ मध्ये त्यांनी 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' हे परिपत्रक काढलं. त्यात आपल्या भारतभेटीचा उल्लेख आहे आणि मुंबईतलं ते आवाहनही नाव घेऊन पुन्हा केलेलं आहे. त्याच वर्षी त्या परिपत्रकाला जोड म्हणून तिसऱ्या जगातल्या १८ बिशपांनी आणखी धारदार निवेदन काढलं. त्याला पाठिंबा देत अर्जेंटिनातल्या शेकडो धर्मगुरूंनी सह्या केल्या आणि 'तिसऱ्या जगासाठी धर्मगुरू' ही चळवळ उभी राहिली. मुहिका तिच्यातलेच. ओव्हलपासून विया ३१ पर्यंत सरळ रस्ता होता असं मी म्हणणार नाही. मधे बरीच वळणं आहेत, आणि लॅटिन अमेरिकेची स्वतःची दुखणीही. पण वाट होती.

मुंबईत मात्र मुहिकांसारखा धर्मगुरू सिनेमाचा नायक झाला नाही. काम झालं. रेल्वे स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांसाठी जेझुइटांनी १९६२ मध्येच 'स्नेहसदन' सुरू केलं. एक मोठा अनाथाश्रम बांधण्याऐवजी लहान लहान घरं, प्रत्येक घरात आईवडिलांच्या जागी कुणीतरी. कसाऱ्याहून सुटलेली लोकल जिथे संपते तिथेच अशी कितीतरी मुलं उतरलेली असतात. सिनेमावाल्यांना हे दिसत नाही. डॉमिनिक लापिएरच्या 'सिटी ऑफ जॉय' या कोलकात्यावरच्या कादंबरीत एक पोलिश धर्मगुरू वस्तीत राहतो. १९९२ मध्ये रोलँड जॉफेने सिनेमा केला तेव्हा धर्मगुरूच गाळला आणि अमेरिकन डॉक्टर पुढे आणला.

आणि इथे उंबरमाळीला बसून हे वाचणाऱ्याचं काय? हा कसाऱ्याच्या अलीकडचा शेवटचा थांबा. याच शहापूर तालुक्यातून तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, आणि आज शहराला सगळ्यात जास्त पाणी देणारं भातसा धरणही इथलंच. उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. पाणी गेलं त्याच दिशेने माणसंही गेली, कुणी वीटभट्टीवर, कुणी नाक्यावर, आणि तिकडे झोपडी 'बेकायदा' ठरली की तेच पाणी नळाने मिळेना. पाणी हक्क समिती कोर्टात गेली, तेव्हा कुठे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही.

मुहिकांना गोळ्या का घातल्या याचं उत्तर मला याच फरकात दिसतं. वस्तीत दूध-औषध वाटणारा पाद्री कुणालाच नको नसतो. नळ कुणाच्या नावावर, जमीन कुणाची असं विचारू लागला की तो नकोसा होतो. फादर स्टॅन स्वामींचं कामही झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीशी निगडित होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. पार्किन्सनमुळे हात कापायचे, तळोजा तुरुंगात पाणी प्यायला साधी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. वय ८४.

मुहिकांचे अवशेष १९९९ मध्ये विया ३१ मधल्या त्यांच्याच चॅपेलमध्ये परत आणले गेले. तेव्हा ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप होते होर्हे बेर्गोलिओ, पुढचे पोप फ्रान्सिस. पांढरा हत्ती २०१८ मध्ये पाडायला घेतला. त्या जागी रुग्णालय नाही झालं, सरकारी खात्याचं कार्यालय झालं.