१८ वाजून ४० मिनिटे

जुन्नरच्या डोंगरात इटलीचे विमान कोसळले ते नेमके कोणत्या दिवशी? काही याद्या ६ जुलै १९६२ सांगतात, काही ७ जुलै. दोन्ही बरोबर आहेत. विमानवाहतुकीचे कागद ग्रीनविचच्या वेळेवर चालतात, आणि त्यांत अपघाताची वेळ ६ जुलै, १८.४० अशी आहे. साडेपाच तास मिळवले की जुन्नरच्या घड्याळात ७ तारीख लागून दहा मिनिटे झालेली असतात. पुढच्या वेळा मी कागदातल्याच ठेवतो. हिशेब वाचकांनी मनात करावा.

विमान अलितालियाचे, डीसी-८ जातीचे, उड्डाण क्रमांक ७७१. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान असे टप्पे घेत ते रोमला जाणार होते. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. बँकॉक सोडले १५.१६ ला. १७.२० ला मुंबईशी संपर्क झाला, तेव्हा पोचण्याची अपेक्षित वेळ कळवली १८.४५. या आकड्याकडे पुन्हा यायचे आहे.

१८.२९ च्या सुमारास विमानाने ३५ हजार फुटांची उंची सोडली. परवानगी ४,००० फुटांपर्यंत उतरण्याची होती. १८.३८ नंतरचे बोलणे मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या धावपट्टी २७ वर कसे यायचे, बाह्य मार्करवर, म्हणजे धावपट्टीआधीच्या रेडिओ-खुणेवर, पूर्ण वळसा घ्यायचा का, याविषयी आहे. मग शांतता.

धडक जिथे बसली ती जागा सुमारे ३,६०० फूट उंचीवर. इंग्रजी कागदांत टेकडीचे नाव ‘दवंड्याची हिल’. मराठी कानाला इथे लगेच खटकते. ‘ची’ हा षष्ठीचा प्रत्यय. कोणीतरी ‘दवंड्याची टेकडी’ असे सांगितले असणार आणि लिहिणाऱ्याने फक्त टेकडीचे भाषांतर केले. हा माझा तर्क, पण सोडवत नाही. यावरून एवढे दिसते, की नाव नकाशावरून नव्हे, माणसाच्या तोंडून कागदावर आले असावे.

आता १८.४५. जुन्नर तालुक्यातले हे डोंगर सांताक्रूझपासून सरळ रेषेत नव्वद-शंभर किलोमीटर. अपेक्षित वेळ पाळायची तर उरलेल्या पाच मिनिटांत हे अंतर कापावे लागले असते, म्हणजे ताशी अकराशे ते बाराशे किलोमीटर. डीसी-८ भर वेगातही नऊशेच्या आसपास जाई, आणि इथे तर ते उतरत होते. तेव्हा घड्याळ चुकले नव्हते. चुकली होती जागेची समजूत. धावपट्टीजवळच्या मार्करविषयी बोलणाऱ्या वैमानिकांना आपण सह्याद्री ओलांडून आलो असेच वाटत असावे.

खाली काही दिसले नसेल का? पंचांगाचा हिशेब सांगतो, की अमावास्या होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. त्या कोरीचा चंद्र गावच्या घड्याळाने रात्री अकराच्या सुमारास मावळतो. त्यात पावसाळ्याचे ढग. शेजारचा हरिश्चंद्रगड तर ४,६७० फुटांचा, म्हणजे परवानगीच्या उंचीहूनही वर. कॉकपिटमधले बोलणे टिपणारे यंत्र त्या काळी सक्तीचे नव्हते. दोघे वैमानिक आपसांत काय बोलले हे कोणत्याच कागदात सापडणार नाही.

चौकशीने कारण दिले ते दिशानियंत्रणातली चूक आणि तिच्यामुळे वेळेआधी उतरणे. जोडीला तीन गोष्टी: हाताशी असलेल्या साधनांनी आपली जागा पडताळली नाही, ठरलेली किमान सुरक्षित उंची मोडली, आणि वैमानिकाला या मुलखाची ओळख नव्हती. तिसरी मला थोडी अन्यायाची वाटते. ढगांतल्या अंधारात मुलूख ओळखीचा असून काय दिसणार होते? वजन पहिल्या दोहोंचे आहे.

९४ पैकी कोणी वाचले नाही.

जुन्नर भागात कोणाच्या जुन्या दप्तरात १९६२ च्या पावसाळ्यातली पोलीस पाटलाची वर्दी किंवा पंचनाम्याची नक्कल असेल, तर रद्दीत देऊ नये. तिच्यातली वेळ गावच्या घड्याळाची असेल, आणि टेकडीचे नाव पूर्ण.